चुना लावला होता ना, सर?

मधमाशी चावली की आमची अम्मी आधी पानदान शोधायची. डंखावर चुन्याचं बोट, वर लोखंडी किल्ली घासायची, झाला इलाज. श्रीरामपूरच्या चारही बाजूंना ऊस, उन्हाळ्यात रसवंतीच्या चोथ्यावर माश्याच माश्या. त्यामुळे हा इलाज माझ्या चांगलाच अंगवळणी पडलेला.

गेल्या मार्चमध्ये मधल्या सुट्टीत सहावीतल्या एका मुलाच्या मानेवर माशी चावली. बी.एड. झालेल्या मीही चुनाच मागवला! "मागच्या वर्षी पण चावली होती सर, काही नाही झालं," तो म्हणाला. मी निर्धास्त. पाच-सात मिनिटांत तो पोट खाजवू लागला. शर्ट वर केला तर गांधीच गांधी. डंख मानेवर, गांधी पोटावर, तरी मी मानेकडेच बघत बसलो. आवाज घोगरा झाला, "घसा आवळतोय" म्हणाला, तेव्हा कुठे त्याला फाटकापर्यंत चालवत नेऊन रिक्षात घातलं. दवाखान्यात मांडीत अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि श्वास मोकळा झाला. अल्हम्दुलिल्लाह.

'मागच्या वेळी काही झालं नाही' हा भरवसाच खोटा. १९०२ मध्ये फ्रान्सच्या रिशे आणि पोर्तिए यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याहून कमी डोसाने दगावला. या कामाबद्दल रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. पहिल्या डंखात काहींचं शरीर विषाची ओळख धरून ठेवतं आणि पुढच्या वेळी त्यावर उसळतं.

आता मी नांगी लगेच नखाने खरवडून काढतो, कारण तिची पिशवी तुटल्यावरही विष ढकलत राहते. मग साबण-पाणी, बर्फ. डंखाची जागा दोन दिवस सुजली तर सुजू दे. नजर बाकीच्या अंगावर हवी. गांधी दूरवर उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप, उलटी किंवा चक्कर आली, तर १०८. तोवर पाय उंच करून आडवं झोपवायचं. दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण चालवायचं नाही. अॅलर्जीच्या गोळीवर तर मुळीच थांबायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई आभार मानायला आली. "तुम्ही लगेच चुना लावला होता ना सर, म्हणून वाचला."

मी त्यांना खुर्ची दिली आणि पोटावरच्या गांधींपासून सांगायला सुरुवात केली.