एका वारेवर दोघं

बाराव्या आठवड्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर उमटणारा गर्भ जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. डोक्यापासून माकडहाडापर्यंत त्याची लांबी मोजतात. तिथे दोघं असली की पुष्कळदा एक जरा पुढे असतं. एक ५८ मिलिमीटर, एक ५५. तांदळाच्या दाण्याएवढंही अंतर नाही, आणि दिवस तर दोघांचे तेच. अशा वेळी गर्भाचं वय डॉक्टर मोठ्या बाळाच्या मापावरून ठरवतात; लहानग्याचं मागे पडणं नजरेतून निसटू नये म्हणून.

दोन बीजांची जुळी मुळातच दोन भावंडं. त्यांची चाल निराळी असणारच. मला हात जोडावेसे वाटतात ते एका बीजातून झालेल्यांपुढे. फलनानंतर चौथ्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास बीज दुभंगलं, तर वार एकच राहते, गर्भजलाच्या पिशव्या दोन होतात. गुणसूत्रं तीच, आई तीच. पण नाळ कुठे रुजली! एकाची वारेच्या मध्यावर, दुसऱ्याची काठावर. कधी तर वारेबाहेर, गर्भपिशवीच्या पडद्यावरच, आणि तिथून उघड्या रक्तवाहिन्या वाट काढत वारेपर्यंत पोचतात. वारेचा वाटा लहान आला, की बांधाकडेच्या रोपाला पाटाचं पाणी कमी मिळावं तसं होतं.

त्या एकाच वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना मिळालेल्या असतात. एकाचं रक्त दुसऱ्याकडे जातं, परत येतं. कुणी न शिकवता ही देवघेव बहुतेकदा महिनोन्‌महिने तोलात चालते. तोल ढळला तर एकाभोवतीचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवतीचं वाढतं; म्हणूनच अशा जुळ्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला करतात.

अमेरिकेतला नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो एका बीजातून चार पिल्लं देतो. स्टॉर्स आणि विल्यम्स या संशोधकांनी १९६८ मध्ये अशी चौकडी तपासली, तेव्हा सख्ख्या चौघांच्या अवयवांची वजनंसुद्धा जुळली नाहीत. एकाच बीजालाही साचा मंजूर नाही.

आयांच्या मनात मात्र सल राहतो: आपलं खाणं कमी पडलं का, ओझं उचललं का? नाही हो. नाळ कुठे रुजायची हे ताटावर ठरत नाही. लांबीतली तफावत दहा टक्क्यांच्या पुढे गेली तर डॉक्टर अधिक बारकाईनं पाहतात. तीन मिलिमीटर त्याच्या बरेच आत आहेत.