आधी खाणं, मग गाणं

सेव्हिलमधली फ्लामेंकोची माझी पहिली संध्याकाळ काट्याचमच्यांनी खाल्ली. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने 'जेवणासह फ्लामेंको' असं एक तिकीट गोड बोलून माझ्या गळ्यात मारलं होतं. मोठं दालन, बसने आणलेली पर्यटक मंडळी, टेबलाला टेबल चिकटलेलं. समोर एक माणूस डोळे मिटून, मान ताणून, पोटातून सूर काढतोय आणि माझ्या कानाशी वेटर विचारतोय, 'आइस्क्रीम की पुडिंग?' मी पुडिंग म्हणाले. गाणं कधी संपलं ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ती दोन वर्षं इथे शिकते आहे. परीक्षा होती म्हणून त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर नव्हती. "मावशी, मला विचारायचंस तरी! आज माझ्याबरोबर चल. आधी खाऊ, मग ऐकू. साडेआठला निघू."

साडेआठला! मिरजेत साडेआठला आमच्याकडे ओटा पुसून झालेला असतो. इथे बऱ्याच ठिकाणी साडेआठशिवाय रात्रीची चूलच पेटत नाही. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते, सूर्य साडेनऊच्या पुढे मावळत होता. घड्याळातही गंमत आहे. सूर्याच्या हिशेबाने बहुतेक स्पेन लंडनच्याही पश्चिमेला, पण 1940 साली फ्रँकोच्या राजवटीत त्यांनी घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली, ती तशीच राहिली. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तो दोन वाजून गेल्यावर. लोक उशिरा जेवतात म्हणून आपण हसतो, पण सूर्याला विचारलं तर ते तितकेसे उशिरा जेवत नाहीत.

पहिला मुक्काम एल रिंकोन्सियो. सांता कातालीना चर्चजवळचा हा बार 1670 पासून आहे असं सांगतात. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या सालचा. आत जुनी काळपट लाकडी कपाटं, छतापासून लोंबणाऱ्या डुकराच्या सुकवलेल्या तंगड्या आणि उभ्याने खाणाऱ्यांची ही गर्दी. हिशेब कागदावर नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाचा आकडा वेटर त्याच्यापुढच्या लाकडी फळीवरच खडूने लिहितो, नवीन काही मागवलं की खाली भर घालतो आणि पैसे दिले की सगळं पुसून टाकतो. माझ्या कोपराने आमचे पहिले दोन आकडे पुसले गेले. मी चोर पकडल्यासारखी उभी. त्याने माझ्याकडे न बघता ते पुन्हा लिहिले, बरोबर तेच. पाठ होते त्याला.

तापा म्हणजे झाकण. माशा नि धूळ पडू नये म्हणून पेल्यावर पावाचा किंवा मांसाचा तुकडा ठेवत, त्यावरून हे नाव, असं सांगतात. ही गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळ्या राजाच्या नावावर असते, तेव्हा मी ती सोडून दिली. तीन-चार घासांची बशी म्हणजे तापा, एवढं पुरे. ग्रानादात पेयाबरोबर ती बहुधा फुकट येते. सेव्हिलमध्ये पैसे मोजावे लागतात, पण हवं ते निवडता येतं.

आम्ही निवडली पालक-चण्याची बशी. काबुली चणे, शिजून अगदी आटलेला पालक, लसूण, तांबडं तिखट, दाटपणासाठी तळून कुटलेला पाव. पहिला घास घेतला आणि थांबले. जिरं! आठ दिवस मी या देशात मीठ आणि ऑलिव्ह तेल याखेरीज चव शोधत होते, आणि ती या मातीच्या बशीत निघाली. सेव्हिलवर पाचशेहून जास्त वर्षं मुसलमान राजवट होती. 1248 मध्ये ती संपली, पण स्वयंपाकघरातून कुणी कुणाला हाकलत नाही. पालकाला स्पॅनिशमध्ये म्हणतात तो शब्दही अरबीतून आलेला. मी दुसरी बशी मागवली. भाची म्हणाली, "मावशी, तापास म्हणजे पोटभर भाजी-पोळी नाही. इथून पुढे जायचंय."

पुढच्या बारमध्ये माझी फजिती झाली. मी अंडं खाते, मांस-मासे खात नाही. पाठ करून आणलेलं वाक्य मी खणखणीत म्हटलं, मांस नको. साल्मोरेखो मागवलं. हे शेजारच्या कोर्दोबाचं. टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि भरपूर ऑलिव्ह तेल एकत्र घोटून केलेलं, गार, चमचा उभा राहील इतकं दाट. वाटी आली, वर उकडलेलं अंडं किसलेलं आणि त्यावर गुलाबी तुकडे. हे काय? हामोन, म्हणजे हॅम. 'पण मांस नको म्हटलं होतं!' तो माणूस मनापासून गोंधळला. हे मांस नाही, हे हामोन आहे, असं त्याने मला समजावून सांगितलं. वाटी भाचीने संपवली. शाकाहारी वाचकांनी तिकडे मांस नको आणि हॅमही नको अशी दोन वेगळी वाक्यं शिकून जावीत.

एवढ्यावर भागलं नाही. मला ऑलिव्हची एक बशी हवी होती. 'मान्सानिया' जातीचं ऑलिव्ह इथलं प्रसिद्ध, म्हणून मी ऐटीत तेवढाच एक शब्द उच्चारला. समोर आला वाइनचा छोटा पेला. ग्वादलकिवीर नदी समुद्राला मिळते तिथल्या सान्लूकार गावात मुरवलेली, फिकट, कोरडी वाइन, तिचंही नाव मान्सानिया. भाची हसून हसून बेजार. "दुपारी कॅफेत हाच शब्द म्हणालीस ना, तर कॅमोमाइलचा चहा येईल." शब्दाचा मूळ अर्थ छोटं सफरचंद, आणि या तिन्हीत सफरचंद औषधाला नाही. पेला आलाच होता म्हणून दोन घोट घेतले. समुद्राच्या वाऱ्यासारखी खारट चव, शेवटी किंचित कडू. वाईट नव्हती. घरी सांगितलेलं नाही.

दहा वाजता चालत नदीवर आलो. पलीकडे त्रियाना. 1852 साली बांधलेला लोखंडी पूल ओलांडला की चौकात ब्राँझची एक बाई उभी आहे, हातात गिटार आणि पायाशी ऐरण. ऐरण कशाला? त्रियानातले हितानो, म्हणजे स्पेनमधले रोमा, पिढ्यान्‌पिढ्या लोहारकाम करत. गिटारशिवाय गायचं भट्टीवरचं एक गाणंच आहे, मार्तिनेते. फ्लामेंकोची जी थोडी घराणी मानतात त्यात त्रियानाचं नाव वर. आता मात्र इथे ते लोक फारसे राहत नाहीत. गेल्या शतकाच्या मध्यानंतर जुने वाडे पडले आणि माणसं शहराच्या कडेच्या इमारतींत गेली. राहिली ती बाई, ब्राँझची.

आपल्याकडे कुणी फ्लामेंकोचं नाव काढलं की कुणीतरी हमखास म्हणतं, 'अहो, तो आपला कथकच!' मला हे पटत नाही. रोमा लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले आणि स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद 1425 सालची आहे, हे खरं. पण फ्लामेंको घडला तो आंदालुसियात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, तिथल्याच लोकगीतांतून, तिथल्याच दैन्यातून. 1749 साली राजाच्या हुकमाने एकाच वेळी देशभर हजारो हितानो धरले गेले. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे आणि पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत वेठीला लावलं. हे भोगलं त्यांनी, गायलं त्यांनी, आणि श्रेय आपण घ्यायचं?

भाची म्हणाली, "नाच सोड, शब्द ऐक." हितानोंच्या कालो बोलीत पाण्याला पान्यी म्हणतात. पोराला सगळं स्पेनच आज चाबाल म्हणतं, तो शब्द रोमांच्या 'चावो'वरून आलेला, आणि हा चावो आपल्या छाव्याच्या भाऊबंदांतला. गाण्यांत दु:खाला दुकेलास. मी पुलाच्या कठड्याला धरून तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. दुकेलास. दुःख. एवढ्या वाटेवर दुसरं सामान सांडलं असेल, हे नाही सांडलं.

साडेदहाचा कार्यक्रम एका जुन्या घराच्या चौकात होता. पन्नास-साठ खुर्च्या, पुढे लाकडी चौथरा, माइक नाही. खाणं नाही, फोटो काढायचे ते फक्त शेवटच्या नाचाला, हे दारातच सांगितलं. आधी गिटारवाला एकटा आला. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीजवळ लहानपण गेल्याने माझी नजर आधी लाकडाकडे जाते. फिकट सायप्रसचं लाकूड, हलकं, आवाज कोरडा आणि चटकन विझणारा. तारेखालच्या फळीवर पातळ पारदर्शक पट्टी चिकटवलेली, कारण तो मध्येच नखांनी फळीवर ठोका देतो. वाजवता वाजवता तबल्याचंही काम करतो म्हणा ना.

मग गाणारा. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, पोट सुटलेलं, बँकेत चेक वटवून देईल असा माणूस. खुर्चीवर बसला, गुडघ्यावर बोटांच्या सांध्यांनी हलके ठोके दिले आणि आवाज सोडला. सूर गोड नव्हता, फाटका होता. पहिल्या संध्याकाळी हाच फाटकेपणा मला बेसूर वाटला होता. इथे शांततेत कळलं की सूर पक्का आहे, फाटतो तो मुद्दाम. नाचणारी उठली तशी त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. पुढचा पाऊण तास त्याने आमच्याकडे पाहिलंच नाही. डोळे तिच्या पावलांवर. ती वळण घेणार, थांबणार, याचा अंदाज घेऊन तो ओळ उचलायचा किंवा सोडून द्यायचा. आपल्याकडे साथीदार गवयाचं तोंड बघतात. इथे गवईच साथीला होता.

ती पस्तिशीची, काळा झगा, केसांत एक तांबडं फूल. बुटांच्या टाचेला नि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले, पहिल्या रांगेतून दिसत होते. पायांचं काम सुरू झालं की झगा दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलायची आणि कमरेच्या वर काही हलायचं नाही. त्या गडगडाटात फूल सुटून चौथऱ्याच्या कडेला पडलं. तिने बघितलंसुद्धा नाही.

मी चार वर्षं तबला शिकले. वाजवता आला नाही, मात्रा मोजायची खोड तेवढी राहिली. हा प्रकार सोलेआ, बारा मात्रांचा, भाचीने सांगून ठेवलं होतं. बारा म्हणजे एकताल, म्हणजे आपल्या घरचंच! बोटांच्या पेरांवर मोजायला लागले आणि दोन आवर्तनांत हरवले. यांचे जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर. आधी तिनांची दोन पावलं, मग दोनांची तीन. आणि वाक्य मिटतं दहाव्यावर, अकरा-बारा नुसत्या टाळ्यांना मोकळे. मी बापडी समेची वाट बघत एकावर टपलेली. एका जबरदस्त तुकड्यानंतर दहाव्यावर ती थबकली, सगळीकडून दबकं 'ओले' आलं, आणि पूर्ण तीन मात्रांनी, शांततेत, माझा मराठी 'वा!' खणखणला. भाचीने कोपर मारलं. शेजारच्या आजीबाईंनी वळून पाहिलं. रागाने नाही, नव्या सुनेकडे बघतात तसं.

मागच्या रांगेतल्या काही पाहुण्यांना उत्साह आला आणि त्यांनी तालावर टाळ्या धरल्या. गाणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटली. टाळ्या हे तिथे वाद्य आहे, पाल्मास. तळहात पोकळ धरून दबकी टाळी, बोटं तळव्यावर मारून टणक टाळी, आणि दोघे टाळीवाले एकमेकांच्या मधल्या फटी भरतात. त्यात हौशी टाळी म्हणजे तंबोऱ्याशेजारी कुणी बाकावर बोटं बडवावी तसं. आजीबाईंनी मागे वळून बोट ओठांवर ठेवलं. मला मिरजेच्या दर्ग्यातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीच्या मैफलींतले आमचे जुने श्रोते आठवले. त्यांच्यासमोर चुकीच्या जागी मान हलवायचीही चोरी असायची.

शेवटी सगळेच कलाकार उभे राहून बुलेरियास. भरधाव, थट्टेखोर. पोट सुटलेला तो गवईही चार पावलं नाचला आणि सगळ्यांत जास्त दाद त्याने घेतली. तेव्हा कुठे मी दहावा पकडला. आजीबाई आणि मी एकदम म्हणालो, त्या ओले, मी वा. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. बरोबर तालात होती तीही.

बाहेर आलो तर मध्यरात्र होत आली होती. आजीबाई समोरच्या बारमध्ये शिरल्या, त्यांचं जेवण आता सुरू होणार होतं. भाचीला पुन्हा भूक लागली होती आणि खरं सांगायचं तर मलाही. बटाट्याचं जाड ऑम्लेट मिळालं, हॅमशिवाय. दोन वाक्यं म्हणाले होते.

सेव्हिलला गेलात तर तिकिटावर 'जेवणासह' असं लिहिलेलं असेल ते घेऊ नका. आधी उभ्याने खा, मग लहान जागेत, जमलं तर पहिल्या रांगेत बसा. आणि गाणं चालू असताना टाळ्या धरू नका. तेवढं त्यांच्यावर सोडा, त्यांना बारा मोजता येतात.