तारखेची ओळ

ईमेल उघडला की वर दिसणारी तारीख खरीच असणार, असं आपण धरून चालतो. पण ती लिहितं कोण? पाठवणाराच. मी ग्राहकांना आपोआप मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामवर काम करतो. म्हणजे ती ओळ माझा कोड लिहितो.

ओळ साधी असते: वार, तारीख, महिना, साल, वेळ आणि शेवटी +०५३०. तिथे 'आयएसटी' लिहून भागत नाही, कारण हीच अक्षरं इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. पायथनमधलं फॉर्मॅटडेट काहीच न सांगता वापरलं, तर ते -०००० लावतं. म्हणजे वेळ कळली, पण पाठवणाऱ्याच्या गावी किती वाजलेत ते कळलं नाही. तसं +०५३० हेही ठरवून घेतलेलंच. ही वेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाची. आमच्या नगरचा, आता अहिल्यानगरचा, सूर्य तिच्या साधारण ३१ मिनिटं मागे. पण सगळ्यांनी एकच घड्याळ मानलं, म्हणून व्यवहार चालतात.

गेल्या वर्षी मॅनेजर म्हणाले, "या नोटिसांवर चार दिवसांपूर्वीची तारीख टाक." हप्ते थकलेल्या लोकांना उत्तर द्यायला १५ दिवस होते आणि मोजणी मेलच्या तारखेपासून. कोडमध्ये एका ओळीचं काम, पण प्रत्येकाचे चार दिवस गेले असते. २००८ च्या आरएफसी ५३२२ नुसार ही वेळ म्हणजे मजकूर पूर्ण होऊन पाठवायला तयार झाल्याची वेळ. त्या नोटिसा तर अजून लिहूनही झाल्या नव्हत्या.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरी सरकारी पत्र आलं की आजोबा आधी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघायचे. एकदा कागदावर २ तारीख आणि शिक्का ११ चा. त्यांनी ते पाकीट जपून तालुक्याला नेलं, साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि मुदत वाढवून आणली.

ईमेललाही असा शिक्का असतो. वाटेतला प्रत्येक सर्व्हर 'रिसीव्हड' नावाची ओळ स्वतःच्या घड्याळाप्रमाणे वर जोडतो. पुढच्या सर्व्हरनं जोडलेली ओळ माझ्या कोडला बदलता येत नाही. मी मॅनेजरना तेच दाखवलं. म्हटलं, "सर, तारीख मागे जाईल, शिक्का जाणार नाही. आणि मी हे करणार नाही." नोटिसा खऱ्या तारखेनं गेल्या. पुढच्या महिन्यात मला त्या प्रोजेक्टवरून काढलं.

तुम्हाला मुदतीचा मेल आला, तर जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडा आणि दोन्ही तारखा ताडून बघा. फरक दिसला, तर तो मेल डिलीट करू नका.