आजीसोबत राणीच्या बागेत

घरातील वृद्ध माणसाला घेऊन एक दिवस बाहेर जावे, असे आपल्या मनात अनेकदा येते आणि तितक्याच वेळा मागे पडते. आमच्या घरी ते दोन वर्षे मागे पडत राहिले. आम्ही एडवणचे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गुडघे दुखरे, रक्तदाबासाठी रोज सकाळी लघवी वाढवणारी गोळी. आशापुरी देवीच्या देवळापर्यंत जाऊन येणे एवढाच त्यांचा प्रवास उरला होता. अखेरीस नातीने पेंग्विन पाहण्याचा हट्ट धरला, तोही आजीला बरोबर घेऊनच.

भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपल्या सर्वांची राणीची बाग, बुधवारी बंद असते. तेवढे ध्यानात ठेवून दिवस निवडा. सफाळ्याहून चर्चगेटकडे जाणारी लोकल धरली, तर दादरला उतरून मध्य रेल्वेने भायखळा गाठता येते. परंतु दुखऱ्या गुडघ्यांनी दादरचा पूल चढण्यापेक्षा मुंबई सेंट्रलपर्यंत बसून जावे आणि तेथून टॅक्सी करावी, असे मी सुचवीन. चार पैसे अधिक जातात, माणूस मात्र ताजातवाना पोहोचतो.

ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. प्राण्यांइकीच तिची जुनी, घनदाट सावलीची झाडे पाहण्याजोगी आहेत आणि वृद्धांना तर त्यांचाच आधार अधिक. सासूबाई लग्नानंतर येथे आल्या होत्या. ‘तेव्हा मुलांना हत्तीवर बसवून फिरवीत,’ असे त्या नातीला सांगत होत्या. पेंग्विनच्या दालनात शिरताना त्यांच्या खांद्यावर शाल घातली. दक्षिण अमेरिकेच्या पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यांवरील हे हम्बोल्ट पेंग्विन गारव्यात ठेवलेले असतात. काचेपलीकडे सुळकन पोहणाऱ्या त्या पाखरांकडे सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘यांना मासळी ताजी मिळते ना गं?’ समुद्राकाठच्या बाईने दुसरे काय विचारावे!

बाहेर उन्हात आलो आणि दहा पावलांवर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. झाडाखालच्या बाकावर त्यांना टेकवून बसवले, पदराने वारा घातला. पिशवीतली पाण्याची बाटली काढली, ती सकाळी भरली तशीच होती.

‘आई, तुम्ही पाणीच प्यायला नाहीत?’

त्या खाली मान घालून म्हणाल्या, ‘गाडीत लागली तर जाऊ कुठे? काल संध्याकाळपासूनच कमी प्यायले. आजची गोळीसुद्धा घेतली नाही.’

मी निरुत्तर झाले. डबा, शाल, औषधांची चिठ्ठी असे सारे मी बरोबर घेतले होते; लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानी आली नव्हती. त्यांच्या मात्र मनात रात्रभर तेवढेच होते. आपल्या घरांतील किती वृद्ध स्त्रिया ‘मला नको, तुम्ही जा’ म्हणतात, त्यामागे गुडघे नसतात, ही लाज असते.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. त्यात पाणी मुद्दाम तोडले आणि वर ऊन लागले, की चक्कर येण्यास वेळ लागत नाही. अशा वेळी सावलीत बसवावे, शक्य तर आडवे करावे, पूर्ण शुद्ध असल्यास घोट घोट पाणी द्यावे. छातीत दुखू लागले, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा काही मिनिटांत बरे वाटले नाही, तर घरी जाण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. गोळी आपल्या मनाने कधीही चुकवू नये. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मी ते विचारले, पण दुसऱ्या दिवशी.

वीसेक मिनिटांत त्यांना हुशारी आली. वाघ पाहण्याचा बेत मी सोडून दिला. नात थोडी हिरमुसली. आधी स्वच्छतागृह शोधले आणि मग भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा घारापुरीचा दगडी हत्ती पाहिला. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. तेथे दुसरी बसकण झाली. ‘या हत्तीवर बसता येतं का?’ नातीने विचारले. ‘हा माझ्याहून म्हातारा आहे, त्याला त्रास देऊ नकोस,’ आजीचे उत्तर.

परतताना मुंबई सेंट्रलला गाडीत चढण्यापूर्वी मीच म्हटले, ‘आई, चला, आधी जाऊन येऊ.’ इतक्या वर्षांत हे वाक्य मी मुलीलाच म्हणत आले होते.

विरार मागे पडले, वैतरणेच्या पुलावर गार वारा लागला. सासूबाईंनी आपणहून बाटली मागितली, दोन घोट घेतले आणि ‘वाघ राहिलाय हं,’ असे नातीला बजावून ती तिच्या हाती दिली.