ओळखलंच नाही!

पिंक फ्लॉइडचा ‘विश यू वेअर हिअर’ कॉलेजात मी निव्वळ गिटारसाठी ऐकायचे. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये शब्द सुरू व्हायलाच ८ मिनिटं जातात. रूममेट वैतागायची, ‘‘अगं, हा गाणार कधी?’’

गाण्यामागची गोष्ट नंतर कळली. जून १९७५. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत अल्बमचं काम चालू होतं. एक जाडा, भुवया भादरलेला माणूस आत आला. कुणी ओळखलंच नाही. तो सिड बॅरेट होता! मन ढासळल्यानं १९६८मध्ये बँडबाहेर गेलेला त्यांचा दोस्त. गाणं त्याच्यावरच तर होतं.

परवा स्टेशनवर एक ओळखीचा चेहरा दिसला. खूपच खंगलेला. मी घाईत पुढे गेले. लोकलमध्ये बसल्यावर लक्षात आलं, अरे, ही तर आपली रूममेट! तिचा नंबर आहे माझ्याकडे. आज लावते.