आधी मागची बाजू

कापडाला सुईचं फारसं काही वाटत नाही. टाका चुकला तर उसवावा, नखानं दोनदा घासावं, की उभे-आडवे धागे परत जवळ सरकतात. एका धुण्यानंतर भोक कुठं होतं तेही सापडत नाही. कागदाला मात्र एकदा टोचलं की टोचलं. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात पहिलं भेटकार्ड भरायला घेतलं तेव्हा हे माझ्या ध्यानात नव्हतं. आत्याच्या हाताखाली रुमाल, अभ्रे, टीव्हीवरचं कव्हरसुद्धा भरलेलं. तळहाताएवढ्या कार्डाची ती काय कथा!

नक्षी साधीच होती. एक पतंग आणि त्याच्या शेपटीला तीन फुलं. लेझी डेझीचं फूल आठ पाकळ्यांचं, आणि आठही पाकळ्या मधल्या एकाच भोकातून निघायच्या. प्रत्येक पाकळीला दोरा त्या भोकातून वर येणार आणि त्यातूनच खाली जाणार. म्हणजे एका भोकातून सोळा खेपा. कापडावर हे आपण न मोजता करतो. इथं सहाव्या पाकळीला ‘चर्र’ असा बारीक आवाज झाला आणि फुलाचा मधला भाग कार्डातून सुटून माझ्या मांडीवर पडला.

मग दुकानातून जाड कार्डपेपर आणला आणि रीतसर सुरुवात केली. कागदावर भरायचं तर दोरा ओवण्याआधीच सगळी भोकं पाडून ठेवावी लागतात. खालून वर येणाऱ्या सुईला वाट दिसत नाही. कापडात ती चाचपडत चालते, कागदात चाचपडली की नवं भोक. नऊ नंबरची सुई बाटलीच्या बुचात खोचून टोचणं केलं. खाली टॉवेलची चौपदरी घडी, वर कार्ड, त्यावर नक्षीचा ट्रेसिंग पेपर. सुई उभीच धरायची, तिरकी गेली तर भोक लांबट होतं. प्रत्येक वेळी कागद आधी किंचित दबतो, अडतो, आणि मग एकदम वाट सोडतो. टक्. हा आवाज ऐकत तासभर कसा गेला कळलं नाही. शेवटी कार्ड खिडकीपुढं धरलं. दोऱ्याचा एक टाकाही पडला नव्हता, पण ठिपक्यांच्या रांगोळीसारखा अख्खा पतंग उजेडानंच काढलेला होता. खरं सांगायचं तर तिथंच थांबावंसं वाटलं.

दोन भोकांत निदान दोन-अडीच मिलिमीटर जागा सोडावी. त्याहून जवळ गेलात तर तुम्ही भरतकाम करत नाही, पोस्टाचं तिकीट तयार करता. पेनी ब्लॅक हे पहिलं तिकीट १८४० साली आलं, ते कात्रीनं कापून घ्यावं लागे. छिद्रांच्या ओळी असलेली सरकारी तिकिटं इंग्लंडात १८५४ साली निघाली. कागद हवा तिथून फाटावा म्हणून लोकांनी जी युक्ती शोधली, नेमकी तीच आपल्याला टाळायची असते.

वक्ररेषांचं वेड मला मेरी एव्हरेस्ट बूल या बाईंमुळं लागलं. सुयांची पुस्तकं नि पिनकुशनं शिवण्यासाठी कडेनं भोकं असलेली कार्डं त्यांच्या लहानपणी दुकानात मिळत. त्यांवर चित्र रंगवायचं असे. मेरीला चित्र काही येत नसे, म्हणून ती या भोकातून त्या भोकात रेशीम ओवत बसे. एकदा कंटाळून तिनं दोरा अगदी समोरच्या भोकात न घालता जरा बाजूच्या भोकात घातला आणि तसाच पुढं नेला. सगळे दोरे सरळ, पण मधे उरलेल्या मोकळ्या जागेची कड गोलाईदार! पुढं १९०४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मुलांना गणिताची गोडी लावायला हा खेळ सुचवला. या बाई म्हणजे सर्व्हेवाल्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. त्रिकोण टाकत भारताची मोजणी सुरू करणारा लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला आणि त्याचं काम या एव्हरेस्टकडं आलं. काका गोल पृथ्वीवर सरळ रेषांचे त्रिकोण टाकत हिंडला आणि पुतणीनं सरळ दोऱ्यांतून गोलाई काढली. एकाच घरातला हा योगायोग मला फार आवडतो. माझ्या पतंगाच्या दोन कोपऱ्यांत तेच जाळं आहे.

दोरा म्हणजे नेहमीची सहा पदरी लडी. त्यातले दोनच पदर घ्यायचे, तिन्हीसांजेला डोळे ताणले तर एकच. फुलांच्या मध्यावर आता मी भोकाऐवजी बारीक भोकांचं कडं पाडते आणि वर एक मणी बसवते. गाठ मारायची नाही, गाठीचा उंचवटा पुढून दिसतो. दोऱ्याचं टोक मागं चिकटपट्टीनं दाबायचं.

आणि इथं मला आत्या आठवते. रुमाल भरून नेला की ती आधी उलटा करायची. “पुढची बाजू तू लोकांना दाखवशील. मला मागची दाखव.” मागं दोरे एका फुलावरून दुसऱ्यावर लोंबत गेलेले दिसले की काही न बोलता कात्री पुढं करायची. माझ्या कार्डाची मागची बाजू तिच्या हिशोबी लाजिरवाणी होती. चिकटपट्ट्या, खोडलेली पेन्सिल, घाईत मारलेली एक गाठ. पण कार्डाचं बरं असतं, आतून दुसरा कागद चिकटवला की सगळं झाकतं. मी हातकागद चिकटवला. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद, म्हणजे पूर्वाश्रमीचं कापडच. त्यावर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ लिहिलं.

पूर्वी आमच्याकडं संक्रांतीची कार्डं पाकीट न चिकटवता बुक पोस्टानं जात, आत हलव्याचे चार दाणे. दाणे वाटेत निसटायचे, पाकिटाच्या तळाशी पांढरी पूड तेवढी पोचायची. यंदा मी पोस्टावर भरवसा ठेवला नाही, स्वतःच घेऊन गेले.

आत्या आता शहाऐंशीची आहे. चष्मा कपाळावर सरकवून तिनं कार्ड डोळ्यांशी नेलं, पतंगावरून अंगठा फिरवला. म्हटलं, आता काहीतरी बरं बोलेल. तिनं कार्ड उघडलं. मजकूर वाचला नाही. हातकागदाच्या कोपऱ्यात नख घातलं आणि तो हळूहळू सोलायला लागली.

“अगं आत्या, चिकटवलंय ते!”

“दिसतंय,” ती म्हणाली. “हलवा खा तोवर.”