पाण्याचें काय गेलें ?

मुलांना पदार्थविज्ञान शिकवितां शिकवितां आमचीं वीस-बावीस वर्षें गेलीं. एवढ्या अवधींत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आम्हीं किती वेळां फळ्यावर लिहिला असेल, याची गणती नाहीं. परंतु तो नियम आपल्याला स्वतःला कितपत उमगला आहे, ही शंका आमच्या मनाला प्रथम शिवली ती शिळफाट्यावरील एका चहाच्या टपरीवर. आणि ती उत्पन्न करणारे गृहस्थ विज्ञानाचें एक अक्षरहि शिकलेले नव्हते.

त्याचें असें झालें. अकरावीच्या वर्गाला घेऊन आम्ही खोपोलीस गेलों होतों. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांत सांठविलेलें पाणी नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं आणून खोपोलीच्या टाटा विद्युत्गृहांतील चक्रें फिरविलीं जातात. मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज पुरवावी या हेतूनें उभारलेलें हें केंद्र १९१५ सालीं सुरू झालें. डोंगराच्या अंगावरून उतरणारे ते प्रचंड नळ आम्हीं मुलांना बाहेरूनच दाखविले. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार त्यांच्याकडून वदवून घेतला आणि कृतकृत्य होऊन परत फिरलों.

वाटेंत शिळफाट्यावर चहाला थांबलों. टपरीच्या बांकावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. आम्ही कोठून आलों, हें समजतांच ते म्हणाले, "गुरुजी, एक विचारूं का? आमच्या बापाच्या वेळेपासून ऐकत आलों, वीज काढून घेतली कीं पाण्याचा कस जातो. माझं शेत नदीच्या कांठाला. तेंच पाणी आमच्याकडे येतं. खरं सांगा, त्या पाण्याचं जातं तरी काय?"

मुलें खुदकन् हसलीं. आम्हांलाहि हसूं आलें होतें. परंतु मुलांचें हसणें कानांवर पडलें आणि तें खटकलें. आम्ही म्हणालों, "हसतां काय? आजोबांना उत्तर द्या."

वर्गांत नेहमीं पहिल्या येणाऱ्या मुलानें नियम घडाघडा म्हणून दाखविला. आजोबांनीं तो आदरपूर्वक ऐकून घेतला. मग दुसरा म्हणाला, "आजोबा, पाण्याचा कस जात नाहीं. पाण्यांतली फक्त ऊर्जा काढून घेतात."

"म्हणजे मी म्हणतों तेंच कीं!" आजोबा उत्तरले. "कस म्हणा, नाहीं तर ऊर्जा म्हणा."

वाचकहो, तें वाक्य त्या मुलाचें नव्हतें, आमचें होतें. 'पाण्यांतली ऊर्जा काढून घेतात' असें आम्हींच वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों होतों. उंसांतून रस काढावा, दुधांतून लोणी काढावें, तशी पाण्यांतून ऊर्जा काढतात, हें चित्र आम्हींच त्यांच्या डोळ्यांपुढें उभें केलें होतें. आजोबांची समजूत आणि आमच्या विद्यार्थ्यांचें ज्ञान यांत अंतर एवढेंच, कीं विद्यार्थ्यांना त्या समजुतीचें परीक्षेंत चालणारें नांव ठाऊक होतें.

आम्हीं मग सूत्र बाजूला ठेविलें आणि आजोबांना विचारलें, "विहिरीवरून भरलेला हंडा टेकडीवरच्या घरीं नेला, तर दमतें कोण?" "नेणारी दमते," ते म्हणाले. "आणि वर नेल्यानें पाणी निराळें होतें काय?" "छे! पाणी तेंच." "तर मग लोणावळ्याला तें पाणी वर कोणीं नेलें?" आजोबांनीं आकाशाकडे पाहिलें. समुद्राचें पाणी तापवून वर नेणारा सूर्य आणि तें घाटमाथ्यावर आणून ओतणारा पाऊस यांची ओळख त्यांना आम्हीं करून द्यावी, असें मुळींच नव्हतें. क्षणभर थांबून ते म्हणाले, "म्हणजे पाण्याचं कांहींच गेलं नाहीं. त्याची उंची तेवढी गेली."

याहून चांगलें उत्तर आमच्या उत्तरपत्रिकांत आम्हीं क्वचितच वाचलें असेल.

आमची परीक्षा मात्र एवढ्यावर संपली नाहीं. मागच्या बांकावर बसणारी एक अबोल मुलगी म्हणाली, "सर, पावसाळ्यांत घाटांतल्या धबधब्यांचं पाणीहि उंचावरून खालीं येतं. त्याची वीज कोणी करीत नाहीं. मग त्याच्या उंचीचं काय होतं?" आम्ही 'उष्णता, आवाज' असें कांहींसें पुटपुटलों. किती उष्णता, हें आम्हीं आयुष्यांत कधीं मोजून पाहिलें नव्हतें.

त्या रात्रीं कागद घेऊन बसलों. एक लिटर पाणी पांचशें मीटर खालीं आलें, तर सुमारें ४९०० ज्यूल ऊर्जा हिशेबांत येते. ती सर्व पाण्यांतच उष्णतारूपानें राहिली, तर पाण्याचें तापमान सव्वा अंशाहूनहि थोडें कमीच चढेल. उलट, वाटेंतील घट सोडली, तर तेवढ्याच ऊर्जेवर दहा वॅटचा दिवा आठ मिनिटें जळेल. नळाच्या तोंडाशीं पाण्याचा वेग तत्त्वतः सेकंदाला जवळजवळ शंभर मीटर होतो. पेल्टन चक्राचे वाटीसारखे पंखे साधारण त्याच्या निम्म्या वेगानें फिरतात, आणि त्यामुळें पाणी आपला बहुतेक वेग चक्राला देऊन मुकाट्यानें खालीं पडतें. म्हणजे विद्युत्गृहांतून बाहेर पडणारें पाणी निःसत्त्व नसतें. तें केवळ, सैरावैरा कोसळलें असतें तर जेवढें तापलें असतें, तेवढें तापलेलें नसतें. ज्यूलसाहेबांनीं १८४७ सालीं, लग्नानंतरच्या प्रवासांत, आल्प्स पर्वतांतील एका धबधब्याशीं हाच फरक मोजण्याचा प्रयत्न केला होता. परंतु तुषारांमुळें तो साधला नाहीं. त्या मुलीचा प्रश्न कोणाच्या पंक्तीला बसणारा होता, हें कळून आम्ही खजील झालों.

हा हिशेब दुसऱ्या दिवशीं वर्गांत मांडला, आणि तो आम्हांला आदल्या दिवशीं येत नव्हता, हेंहि सांगितलें. वर्ग कधीं नव्हे इतका शांत होता.

आमच्या मराठी पाठ्यपुस्तकांत बल, ऊर्जा आणि शक्ति हे तीन शब्द काटेकोरपणें वेगळे केलेले आहेत. घरीं आणि बाजारांत मात्र तिन्हींचा अर्थ एकच. मूल शाळेंत येतें तें कोरी पाटी घेऊन नव्हे, तर हा घरचा अर्थ घेऊनच. आम्ही शिक्षक त्या अर्थाला हात न लावतां त्यावर सूत्रांचा मुलामा चढवितों, शिकवणीवर्ग त्यास झिलई देतात, प्रवेशपरीक्षा ती झिलई तपासतात, आणि गुण पाहून आईबाप समाधान पावतात. आंत काय आहे, हें पाहण्याची सवड कोणालाच नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं मॅट्रिकच्या अथवा कॉलेजच्या वर्गांतील मुलें आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. एखाद्या संध्याकाळीं गुणांची चौकशी बाजूला ठेवून मुलाला एवढेंच विचारावें, कीं बाबा रे, वीज निर्माण झाल्यावर त्या पाण्याचें काय गेलें? तो गोंधळला, तर रागावूं नये. आम्हीहि गोंधळलों होतों. मात्र तो हसला, तर त्याला एकदां शिळफाट्यावर चहाला घेऊन जावें.